आठ मात्रा मोकळ्या

गुरुवारी गॅरेजातून सुटते तेव्हा नखांत ग्रीस असतं.
कितीही घासलं तरी अंगठ्याच्या कडेला
एक काळी रेघ उरतेच,
ती घेऊनच चढते मी
पिट्सबर्गच्या टेकडीवरल्या त्या जुन्या लॉजचा जिना.
वर दहा डॉलर, मनगटावर शिक्का,
आणि लाकडी फरशी,
शंभरेक तळव्यांनी गुळगुळीत केलेली.

तीन वर्षं झाली.
नवशिक्यांच्या रांगेत आता मला कुणी उभं करत नाही
आणि खरे नाचणारे आपणहून विचारत नाहीत.
मधल्या इयत्तेला बाक नसतो.
भिंतीशी टेकायचं,
बाटलीतलं पाणी पुरवून पुरवून प्यायचं.

वहीत एकेचाळीस नखरे लिहून ठेवलेत मी,
टाचेचे, खांद्याचे, मनगटाचे,
बाण काढून, आकडे घालून.
गाणं कुठलंही असो, सगळे ओततेच,
पाहुणा ताटावर हात आडवा धरतोय
तरी वाढत राहावं तशी.

त्या रात्री लिनवुड टास्करांनी हात पुढे केला.
वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं कोकच्या भट्टीवर.
डावा गुडघा धातूचा.
येतात त्यांना एकूण चार चाली,
पाचवी होती, ती गुडघ्याबरोबर गेली.

पहिल्याच फेरीत मी बारा नखरे संपवले.
ते कानाशी वाकून म्हणाले,
"बाई, क्लॅरिनेट बोलतोय.
त्याचं होऊ दे की."

कान तापले माझे.

मग गाणं वळलं, मधल्या पुलावर आलं,
आणि त्यांनी बोटं सैल केली.
सोडली नाहीत. सैल केली.
आठ मात्रा मोकळ्या,
माझ्यापुढे ठेवलेल्या,
आणि वहीतलं एक पान आठवेना.

मी उभी राहिले. नुसती.

तेव्हा ऐकू आला बास,
जाड तारेवर बोट घसरताना होणारी खरखर,
आणि ड्रमवाल्या मुलीचा ब्रश,
ठोक्याच्या केसभर मागे,
मुद्दाम मागे.

सकाळीच एक बस आली होती.
ड्रायव्हर म्हणाला, काही नाही, जरा कुरकुरते.
झाकण न उघडता मी सांगितलं, चौथा इंजेक्टर.
चौथाच निघाला.
हा कान मला होता की!
तीन वर्षं दर गुरुवारी
डांगरीबरोबर खुंटीला टांगून येत होते.

टाच पडली. उशिरा.
ब्रशच्या शेजारी जाऊन बसली.
ट्रोम्बोन घसरला तशी कंबर घसरली,
एका बाजूला, मग थोडी आणखी,
आणि मग काय झालं
त्याला बाण काढता येणार नाहीत.

एवढ्यानं डोक्यात वारं शिरलं, अर्थात.
पुढच्या फेरीला बँड एकदम थांबला,
अख्खा हॉल थांबला,
मी नाही थांबले.
त्या शांततेत माझा बूट एकटाच
चीं करून किंचाळला.

जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटलं,
पण ड्रमवाल्या मुलीनं भुवई उचलली
आणि काठीनं कडेवर
तेच चीं, जवळजवळ तेच,
मला परत केलं.
टास्कर इतके हसले की
गुडघा धरून खुर्ची शोधावी लागली.
लेमोनेड प्यायले, टोपी घातली, घरी गेले.
नाचाबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा एकेचाळीस ओतले.
एका पोरगेल्या मुलाच्या पायावर पायही दिला.
कान कुठे गेला होता, कोण जाणे.

पण सोमवारी गॅरेजात
एक बस जागच्या जागी घुरघुरत उभी होती,
आणि माझा पाना हवेतच थबकला,
आपसूक,
एक ठोका जाऊ दिला,
मग नटावर टेकला.

शेजारच्या खड्ड्यातून थॅडिअस ओरडला,
"काय गं, अडकलं का काही?"